मधला डबा

"निळा झाला का?"

"नाही ताई. दिवा पिवळाच. लुकलुकतोय."

"लुकलुकतोय म्हणजे कसं?"

इम्तियाज मुजावर माझ्या जवळ सरकला. मग त्याने माझ्या मनगटावर बोट टेकवलं, उचललं, टेकवलं, उचललं. "असं. मधला डबा शोधतोय तो. सापडला की निळा होईल आणि गप बसेल."

आम्ही सोनटक्के बाईंच्या खोलीत फरशीवर बसलो होतो. संस्था मिरजेची, अंध बायकांची. मी तिथे राहायचे आणि तिथल्याच ऑफिसात फोन घ्यायचे. इम्तियाजचं बाजारात इंटरनेट जोडून देण्याचं दुकान होतं. बाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर कोंबडी.

कोंबडी म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र. कागदाला टोचे मारत पुढे जायचं म्हणून हे नाव. संस्थेचा छापखाना बंद पडल्यापासून ती कोठीत गोणपाटाखाली होती. ऑफिसात कोणी तिला ठेवून घेईना, कारण ती चालू झाली की पत्र्याच्या डब्यात खडे भरून हलवल्यासारखा आवाज व्हायचा. तिच्याबरोबर एका खोलीत राहू शकेल असं संस्थेत एकच माणूस होतं.

"काय म्हणतोय मुजावर?" बाईंनी विचारलं. फार मोठ्याने. कान गेल्यापासून आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

त्यांनी दोन्ही हात पालथे पुढे धरले. तीन बोटं डावीकडची, तीन उजवीकडची. ब्रेलची टिंबं सहा. ज्या टिंबाचं जे बोट, त्यावर दाबायचं, अक्षर होतं. मी दाबलं, *थांबा. शोधतोय.*

"शोधू दे," बाई म्हणाल्या. "मी कुठे चाललेय?"

हा विनोद होता की नाही, आम्हा दोघांनाही कळलं नाही. कारण बाई चाललेल्याच होत्या.

नाही. हे आधी सांगायला हवं.

*

«इथे काही छापलेलं नाही. हे आधीचं आहे.»

व्यवस्थापक आडमुठे सर आडनावासारखे नव्हते. ओरडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या फोनची वायरच काढून ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"प्रमिला, बाईंचा डावा कान गेला तेव्हा आपण उजव्याकडून बोललो. आता उजवाही गेला. पुढे?"

"मी बोलते ना त्यांच्याशी. बोटांवर."

"तू बोलतेस. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या बोलतात. त्या दिवसभर कारखान्यात, तू फोनवर. स्वयंपाकघरातल्या बायकांना ब्रेल येत नाही, सिस्टरला येत नाही, मला येत नाही. परवा सिस्टरनं इंजेक्शन द्यायला नुसता हात धरला तर बाई किंचाळल्या. त्यांना कळणार कसं, कोणी धरलंय?"

"शिका मग ब्रेल."

"बावीस वर्षं इथे आहे. आता कुठून शिकू?" हे ते खरोखर लाजून म्हणाले. "त्यांच्या पुतण्यानं निपाणीच्या पुढे एक आश्रम बघितलाय. चोवीस तास बाई असते जवळ."

"तिथे ब्रेल येतं कोणाला?"

"ते मी नाही विचारलं."

मला सहा वर्षांची असताना बापाने संस्थेच्या दारात सोडलं, तेव्हा बाईंनी माझा हात हातात घेऊन पहिलं अक्षर टोचवलं होतं. पुढे संस्थेची शाळा बंद झाली, बाई छापखान्यात मुद्रितं तपासू लागल्या. संस्थेतल्या प्रत्येक बाईला त्यांनी वाचायला शिकवलं होतं. आणि आता त्यांना अशा जागी पाठवणार होते जिथे त्यांच्याशी एक शब्द बोलू शकेल असं कोणी नव्हतं. त्या बोलू शकत होत्या. उत्तर मिळणार नव्हतं.

कोंबडीची आठवण मलाच झाली. ऑफिसात कोणीही डोळस माणूस कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करील, कॉम्प्युटर त्याचं ब्रेल करील आणि बाईंच्या खोलीत कोंबडी ते टोचून देईल. ब्रेल कोणाला यायची गरजच नाही.

सरांनी माझ्या फोनची वायर पुन्हा जोडली. मग म्हणाले, "ट्रस्टच्या समितीचे लोक बघायला येतील. ऑफिसातून पाठवलेलं बाईंना पोचलं आणि त्यांनी तसं केलं, तर मी भांडेन त्यांच्यासाठी."

*

«चहा झाला का»

अडचण कोंबडीची होती. ती जुन्या काळची. हवेतलं इंटरनेट तिला कळत नव्हतं, पाठीला फक्त वायर खुपसायचं भोक. आधी ऑफिसपासून खोलीपर्यंत अंगणावरून वायर टाकून झाली. वानरांनी तिच्यावर झोके घेतले. दुसरी टाकली, तीही गेली. जमीन खोदायला परवानगी नव्हती, नव्या फरशा बसवल्या होत्या.

"तीन डबे लावू," इम्तियाज म्हणाला होता. "एक ऑफिसात. एक मधल्या पॅसेजमध्ये. एक इथे. तिघं हवेतून एकमेकांना हाक देतात. ऑफिसातला मधल्याला सांगतो, मधला इथल्याला. आणि इथल्याच्या पाठीतून वीतभर वायर काढून कोंबडीत घालायची. तिला वाटणार आपण वायरनेच जोडलोय."

"म्हणजे फसवायचं तिला."

"फसवायचंच की. म्हाताऱ्या माणसाला नवीन शिकवण्यापेक्षा सोपं."

तर आम्ही फरशीवर बसलेलो आणि तो म्हणाला, "निळा! झाला निळा!" मी ऑफिसात फोन लावला. सरांनी एका बोटाने टाइप केल्याचं ऐकू येत होतं. आणि कोंबडी हादरली. खडखड खडखड. बाईंनी दचकून तिच्या झाकणावर तळवा ठेवला. सगळं ऐकू येत असल्यासारख्या त्या तो थरथराट ऐकत राहिल्या. मग कागद ओढून घेतला, बोट फिरवलं.

"चहा झाला का," त्यांनी वाचलं. "आडमुठे का? सांग त्याला, झाला. साखर कमी होती."

फोनमध्ये सर हसत होते. मी ते बाईंच्या बोटांवर दाबलं, *हसतायत.*

"हसू दे. पण पुढं प्रश्नचिन्ह द्यायला सांग."

*

«आज भेंडी आहे»
«सिस्टर येत आहेत, घाबरू नका?»
«»
«»

सरांनी प्रश्नचिन्ह मनावर घेतलं होतं, कुठेही द्यायचे. दोनच दिवस. मग कोंबडी गप.

इम्तियाज आला. मधल्या पॅसेजमधून ओरडला, "ताई, हा बंदच आहे! कोणी बटण बंद केलं?"

कोणी नाही. म्हणजे सगळ्यांनी.

डोळे असणाऱ्यांना हे सांगावं लागतं. आम्हाला दिवा लागला आहे की नाही हे दिसत नाही. दुपारी बारालाही पॅसेजचा दिवा जळत राहतो आणि बिल भरणारे म्हणतात, आंधळ्यांना कशाला हवेत दिवे. हा टोमणा ऐकायला लागू नये म्हणून बाईंनी आम्हाला लहानपणीच एक सवय लावली होती. खोलीतून निघताना, पॅसेजमधून जाताना, बोर्डावर तळवा ठेवायचा आणि खालून वर ओढायचा. सगळी बटणं वर, म्हणजे बंद. "हात वर घे," एवढंच म्हणायच्या. ज्यांच्या लक्षात राहायचं नाही त्यांना परत दारापर्यंत पाठवायच्या. संस्थेतली कुठलीही बाई बोर्डाजवळून गेली की टक-टक-टक-टक ऐकू यायचं. आमच्या पावलांचाच तो आवाज म्हणा.

आणि डबा बंद झाल्याचा आवाज नसतो.

इम्तियाजने चिठ्ठी चिकटवली. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "बटण बंद करू नये. लाल पेननं, मोठ्ठं."

मी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "या अल्ला."

मी ब्रेलची पट्टी चिकटवली. तिचाही उपयोग झाला नाही. वाचतं ते बोटाचं टोक, आणि बोर्डावरून फिरतो तो तळवा. तळव्याला वाचता येत नाही.

"डायरेक्ट करून टाकतो," इम्तियाज म्हणाला. "बटणच नको."

"बोर्डाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "ट्रस्टचा वायरमन येतो महिन्याला, तो करील. मागे एकानं परस्पर केलं तर शॉक बसला होता इथे."

वायरमन समितीनंतर येणार होता.

मग आम्ही ती सवय मोडायला घेतली. बोलून सांगितलं, ओरडून सांगितलं. खुर्च्या विणणारी रखमा पॅसेजच्या तोंडाशी काठी घेऊन बसायची आणि चाहूल लागली की म्हणायची, "हात मागं! तुमचा हात मागं घ्या, नाहीतर बाई निपाणीला जातील!" बायका दोन्ही हात पाठीशी बांधून, चोर पकडून नेल्यासारख्या पॅसेजमधून जायच्या. भिंतीला आपटायच्या. हसायच्या. आणि आठवड्याभरात ती टक-टक बंद झाली. पॅसेज इतका गप झाला की कोणी मेल्यासारखं वाटायचं.

बाईंना हे कोंबडीनेच सांगितलं होतं. सरांनी टाइप केलं,

«मधल्या पॅसेजच्या बोर्डाला कोणीही हात लावू नये»

बाईंनी वाचलं आणि हसल्या. "बघ प्रमिला. मी लावलेलं वळण माझ्यासाठीच मोडताय."

*

«»

समितीचे दोघे आले. एक साहेब, त्यांच्या पायात करकरणारे बूट. एक मॅडम, ज्या प्रत्येक वाक्याआधी "अच्छा" म्हणायच्या. पुतण्या सुहास आला होता. त्याच्या अंगाला नव्या गाडीच्या आतला वास होता.

सकाळी मी आणि सरांनी तपासून पाहिलं. कोंबडीने «तयार» असं छापलं. बाई जेवणघरात नाश्त्याला गेल्या. बाकीच्या सगळ्यांना कारखान्यात बसवून ठेवलं, बाहेरून कडी लावून, जोखीम नको म्हणून. पाहुणे आले तेव्हा बाई भिंतीच्या आधाराने आपल्या आपण खोलीत परतल्या होत्या. हे सरांनीच मॅडमना कौतुकाने सांगितलं, "स्वतःचं स्वतः चालतात."

ठरलं असं की सर ऑफिसातून तीन गोष्टी पाठवतील. बाईंनी त्या करायच्या. मी खोलीत थांबायचं, पण बाईंना हात लावायचा नाही.

बाई खाटेवर ताठ. इस्त्रीचं लुगडं, खळीचा वास. तळवा कोंबडीच्या झाकणावर.

"पाठवलंय," साहेब फोनवर ऐकून म्हणाले.

आम्ही थांबलो.

"दुसरंही पाठवलं म्हणतायत."

पंखा फिरत होता. बूट करकरले.

"पाठवा की," बाई मोठ्याने म्हणाल्या. "मी तयार आहे."

"अच्छा, त्यांना कळत नाहीये का आपण आलोय?" मॅडमनी विचारलं.

"कळतंय," मी म्हणाले. "काहीतरी अडकलंय. मी बघून येते."

"बसा तुम्ही," साहेब म्हणाले. "तुमच्या मदतीशिवायच बघायचंय ना?"

"मॅडम, एकच मिनिट—"

"काकू फार हुशार होती हो," सुहास हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलायचं काही कारण नव्हतं. "तिच्यासमोर असं बोलायला बरं नाही वाटत. पण मी तरी काय करू? घरी बायको नोकरीला."

"आडमुठे," बाई म्हणाल्या, "टाइप करायला विसरलास की काय?" आणि मग आवाज बदलून, "प्रमिला? आहेस ना खोलीत?"

त्यांनी दोन्ही हात पालथे पुढे धरले. मी जागची हलले नाही. मला हलू नको सांगितलं होतं. ते हात किती वेळ तसे राहिले मला माहीत नाही, मला ते दिसले नाहीत. त्यांच्या बांगड्या वाजल्या त्यावरून कळलं की धरले, आणि पुन्हा वाजल्या त्यावरून कळलं की घेतले.

मग मी उठले आणि कोणाला न विचारता पॅसेजमध्ये पळाले. बोर्ड चाचपला.

चारही बटणं वर.

मी खाली केली. डब्याला उठायला वेळ लागतो. इम्तियाजने सांगितलं होतं, उठल्यावर तो आधी आपल्या माणसांना शोधतो. मी त्याला हात लावून उभी राहिले. तो हळूहळू कोमट होत होता. माझ्या मागून करकरणारे बूट गेले, "अच्छा" गेली, नव्या गाडीचा वास गेला. पावलं अंगणात उतरली.

तेव्हा कोंबडी बोलली.

*

«मंदाकिनीबाई, उठून दाराशी या?»
«उजवा हात वर करा?»
«तुमचे पूर्ण नाव सांगा?»

मी खोलीच्या दाराबाहेर पोचले तेव्हा आतून पावलं येत होती. बाई दाराशी आल्या. उभ्या राहिल्या. बांगड्या वर सरकल्या, हात उचलल्यावर सरकतात तशा.

"मंदाकिनी वामन सोनटक्के," त्यांनी रिकाम्या पॅसेजला सांगितलं. स्पष्ट, वर्गात हजेरी घेताना बोलायच्या तसं. मग थोडं थांबून, "बरोबर आलं का?"

मी धावत बाहेर गेले. गाडी सुरू झाली होती, पण सर फाटकाशीच होते.

"सर, आलं! आत्ता आलं! त्यांनी सगळं केलं! बोलवा त्यांना!"

"काय झालं होतं?"

"मधला डबा बंद होता."

सरांनी फाटक लावून घेतलं. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळून गेला.

"प्रमिला, बोलवीनही. पण उद्या ही गोळीची वेळ असली तर? बाई आत हात ठेवून बसणार, आणि इकडे कोणालाच कळणार नाही की बंद आहे. तुलाही नाही. त्यांना तर नाहीच."

"वायरमन डायरेक्ट करेल ना!"

"आणि रोज लाइट जाते तेव्हा? कागद संपला तर? अडकला तर? तू सांग मला. मी सही करतो, तू सांग."

इम्तियाज दुसऱ्या दिवशी आला तेव्हा म्हणाला, "दोन मिनिटांचं काम होतं ताई. दोन मिनिटांचं." आणि तिन्ही डबे काढून पिशवीत भरू लागला. मग थांबला आणि मधला तिथेच सोडून गेला. का, ते मी विचारलं नाही.

*

«हे बोटांवर. कागद नाही.»

समिती येऊन गेली त्या संध्याकाळी बाईंजवळ बसले. त्यांनी हात पुढे केले.

"उशिरा आलं ना?"

*हो.*

"गेले ना ते तोवर?"

*हो.*

"कशानं?"

कारखान्याला बाहेरून कडी होती. सर ऑफिसात, मी सरांजवळ. सकाळी «तयार» छापल्यानंतर पाहुणे येईपर्यंत पॅसेजमधून एकच माणूस गेलं होतं, भिंतीच्या आधाराने, स्वतःचं स्वतः.

मी दाबलं, *लाइट गेली होती.*

बाईंची बोटं माझ्या बोटांखाली तशीच राहिली.

"पंखा चालू होता," त्या म्हणाल्या. "वारा लागत होता मला."

त्यांनी हात काढून घेतले, उजवा तळवा डाव्या हाताने चोळू लागल्या. बराच वेळ चोळत होत्या. त्यानंतर, सुहास न्यायला येईपर्यंत, त्यांनी यंत्राचा विषय काढला नाही. मला मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगायच्या, "रखमाला म्हणावं, आता काठी घेऊन बसू नकोस."

*

«निपाणीच्या पुढे»

जायला वर्ष लागलं. मला कोणी नेईना. शेवटी इम्तियाजने नेलं, त्याच्या सामानाच्या गाडीतून, वायरींच्या वेटोळ्यांवर पाय ठेवून.

आश्रम स्वच्छ होता. फिनेलचा वास, तुळशीचा वास, कुठेतरी गाय. देखभाल करणारी बाई प्रेमळ होती, हे आवाजावरून कळतं. पारूबाई नाव. माझा दंड धरून पायऱ्या चढवल्या.

"लई गुणाची आजी बगा. काय त्रास न्हाई."

"बोलतात का?"

"आल्या तवा लई बोलायच्या. एकल्याच. कुणाला तरी इचारल्यागत बोलायच्या, मग थांबायच्या, मग परत. आमी जवळ बसायचो, पर आमाला काय कळंना. आता न्हाई बोलत. आता कशा शांत झाल्यात."

"काही मागतात?"

"तोंडानं न्हाई. पर बिस्किटाचा लई नाद. सारका हात म्होरं करत्यात. दोनी हात, आन तेबी पालथे!" ती हसली. "आमीच शिकिवलं मग. पालथ्या हातावर बिस्कीट ऱ्हाईल का आजी? उताणा करा. असा. असा. आता शिकल्यात."

इम्तियाज बाहेरच थांबला.

मी बाईंच्या समोर फरशीवर बसले. त्यांच्या अंगाला वेगळ्या साबणाचा वास होता. त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्या दचकल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांचे दोन्ही हात पुढे आले, पालथे. मी माझी बोटं त्यांच्या बोटांवर ठेवली आणि माझं नाव दाबलं. प्र. मि. ला. सावकाश, त्यांनी मला शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर पुरं करून.

बाई थांबल्या.

मी पुन्हा दाबलं.

मग माझ्या बोटांखालून त्यांनी हात सोडवले आणि दोन्ही उताणे केले.